मदत हवी आहे: 10 बाय 10च्या खोलीत गाणं, पेटी, तबला रेकॉर्ड करायचंय, बजेट 30,000

काळीपाच:
नमस्कार मंडळी. अभंग आणि भावगीतं घरीच रेकॉर्ड करायची आहेत. गायिका, पेटी आणि तबला, बस. डोंबिवलीतला फ्लॅट, खोली 10 बाय 10, खिडकी रस्त्याकडे. लॅपटॉप विंडोजचा, 8 जीबी रॅम. सगळं मिळून 30,000च्या वर जायचं नाही. ऑनलाइन एक ‘कंडेन्सर माइक किट’ दिसतंय: माइक, स्टँड, पॉप फिल्टर, केबल सगळं अडीच हजारात. ते घेऊन उरलेल्या पैशात स्पीकर घ्यावेत का? आणि भिंतींना अंड्याचे ट्रे लावले तर चालतील?

वायरमन:
ट्रे नकोत, किट नको, आणि स्पीकर तर इतक्यात मुळीच नकोत.

किटचं आधी. त्यात येणारी केबल बहुतेक वेळा एका टोकाला एक्सएलआर (माइकची तीन पिनांची गोल जोडणी) आणि दुसऱ्या टोकाला मोबाइलच्या हेडफोनसारखी बारीक पिन अशी असते. ती लॅपटॉपला लावली की आवाज दबका येतो, मागे सतत सूं सूं. कंडेन्सर माइकला 48 व्होल्टचं फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागतं, ते त्या पिनेतून मिळत नाही. इंटरफेस (माइक आणि लॅपटॉप यांना जोडणारा डबा) घेतला तरी एक्सएलआर-ते-जाड-जॅक केबल लावू नका. जॅकच्या भोकातून फँटम येत नाही, आणि मग ‘माइक डेड आला’ म्हणून परत पाठवायची धावपळ होते. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेलीच केबल घ्या, 3 मीटर पुरते.

पैसे असे वाटा. 10-11 हजार दोन माइक इनपुटच्या इंटरफेसला (बेहरिंगर यूएमसी 202 एचडी किंवा त्या तोडीचा). 8-9 हजार एका कंडेन्सरला, एटी 2020 चालेल. 4-5 हजार बंद कपांच्या हेडफोनला. उरलेल्यात बूम स्टँड, केबल, पॉप फिल्टर आणि खोलीचं सामान. किमती दुकानागणिक मागेपुढे होतात, पण वाटणी हीच ठेवा. एक इनपुटवाला इंटरफेस स्वस्त पडतो, तबल्याच्या दिवशी मात्र तोच नडतो.

आता खोली. तुमची खरी अडचण तिथे आहे. लांबी-रुंदी सारखी असली की दोन्ही दिशांना एकच स्वर घुमतो. 10 फुटांना तो साधारण 56 हर्ट्झ, मग त्याच्या पटीत 112, 168. डग्ग्याचा घुमारा याच पट्ट्यात येतो, म्हणून काही आघात उगाच फुगतात, काही गायब होतात. त्यावर अंड्याचे ट्रे किंवा एक इंची फोम काहीही करत नाहीत. फोम फक्त वरची चमक खातो, खोली आणखी बोदी वाटते. बाहेरचा रिक्षाचा हॉर्न तर दोन्हींतून सरळ आत येतो.

त्यापेक्षा 50 मिमी जाडीचे, घनमीटरला 48 किलो घनतेचे रॉकवूलचे स्लॅब आणा, 4 बाय 2 फुटांचे चार. लाकडी चौकट, वर सुती कापड घट्ट ताणून. हे करताना हातमोजे आणि मास्क हवाच, तंतू टोचतात. दोन पॅनल कोपऱ्यांत तिरके, दोन गायिकेच्या *पाठीमागे*. इथे सगळे उलटं करतात, माइकच्या मागे लावतात. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक मागचं कमी ऐकतो. तो ऐकतो गाणारीच्या पाठीमागची भिंत. पॅनल होईपर्यंत तिच्या मागे कपड्यांचं उघडं कपाट ठेवा किंवा दोरीवर दोन जाड गोधड्या. बसायचं खोलीच्या बरोबर मध्यभागी नाही, एका भिंतीपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर.

काळीपाच:
वा, डोळेच उघडले. तिघांना एकदम बसवून दोन माइकवर रेकॉर्ड करता येईल का?

ठेकेदार:
येईल, पण गाण्याच्या माइकमध्ये तबला इतका शिरेल की नंतर एकाचा आवाज वाढवला की दुसऱ्याचाही वाढेल. थरांनी करा. आधी गाणं आणि पेटी एकत्र, नुसता पायलट म्हणून. तो ऐकत तबला. मग पेटी, शेवटी गाणं. पायलट नंतर म्यूट.

तबल्याला दोन माइक हवेत. एक कंडेन्सर तुमच्याकडे असेल, दुसरा एखादा डायनॅमिक कुणाकडून तरी मागून आणा. भजनी मंडळांकडे एसएम 58 असतातच. डायनॅमिकला फँटम लागत नाही, आणि 48 व्होल्टचं बटण दोन्ही इनपुटना एकदम चालू झालं तरी चांगल्या एक्सएलआर केबलवर त्याला काही होत नाही. कंडेन्सर दायाच्या (उजव्या तबल्याच्या) वर 10-12 इंचांवर, चाटेकडे (कडेच्या पट्टीकडे) रोखलेला. शाईवर रोखला तर ‘तीं’ टोकदार न येता गोल येते. डायनॅमिक डग्ग्यापासून फूटभर, हाताच्या मनगटाच्या वाटेत येणार नाही असा. मग सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. ज्या स्थितीत ‘गे’ भरीव वाटतो ती ठेवायची.

स्टँड गादीवर टेकवू नका. मांडीवर ताल धरला की तो ठक ठक थेट माइकमध्ये जातो. स्टँड फरशीवर, गादी अलीकडे.

वायरमन:
पेटीबद्दल भर. माइक भात्यासमोर धरला तर हवेचा फुस्स, पट्ट्यांच्या फार जवळ धरला तर खडखडाट. वादकाच्या बाजूने, दीड-दोन फूट उंचीवरून, तिरका.

लेव्हल: 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. सर्वात जोराच्या तानेला मीटर −10 डेसिबलच्या आसपास थांबेल एवढाच गेन. 24 बिटला गेन कमी ठेवला तरी मागचा आवाज फारसा वाढत नाही, त्यामुळे लाल दिव्यापर्यंत ताणायची गरज नाही. एक ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी खातो, डिस्कची चिंता नको.

सॉफ्टवेअर रीपर घ्या, 60 दिवस पूर्ण चालतं, मग परवाना. इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा) टाका, त्यात बफर 128 सॅम्पल. स्वतःचा आवाज डायरेक्ट मॉनिटर बटणाने ऐका आणि रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा. दोन्ही चालू राहिलं की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा दुहेरी येतो, आणि मग लोक माइकला दोष देत बसतात.

गुणगुण आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेली तर दोष अर्थिंगचा: बॅटरीवर रेकॉर्ड करा किंवा तीन पिनी चार्जर आणि नीट अर्थिंगचं सॉकेट वापरा.

मृदू_मध्यम:
क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) लावून गायचं की नाही?

ठेकेदार:
पुढे कीबोर्ड किंवा प्रोग्रॅमिंग जोडणार असाल तरच. अभंगाची लय शेवटच्या कडव्यात चढते, ती चढू द्यावी. क्लिकने ते मरतं.

वायरमन:
अर्धं पटलं. थरांनी करताना पायलटची लय डगमगली तर तबलावाला तिच्यामागे फरपटत जातो. भावगीताला क्लिक, अभंगाला मोकळं, असं करा. फक्त क्लिक हेडफोनमधून गळू देऊ नका, एक कान उघडा ठेवून गायची सवय इथे मोडावी लागते.

काळीपाच:
पेटी जुनी आहे, ट्यूनरवर काळी पाच (पाचवी काळी पट्टी) 10 सेंट, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या दहाव्या हिश्शाइतकी, चढी दाखवते. चालेल?

ठेकेदार:
चालेल, पण मग पेटीलाच प्रमाण माना. तानपुऱ्याच्या अ‍ॅपमध्येही 10 सेंट चढवा, आणि तबला त्याच स्वराला हातोडीने मिळवा. रेकॉर्डिंगनंतर तबला सॉफ्टवेअरने हलवला तर ‘ना’ची धार जाते. काळी पाचच्या षड्जाला तुमचा तबला उतरत नसेल तर मध्यमात घ्या, म्हणजे काळी दोनला. पंखा बंद करून, एसीने खोली आधी गार करून, एसीही बंद करून टेक घ्या. दर टेकच्या आधी 10 सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, नॉइज काढताना तीच नमुना म्हणून लागते. पावसाळ्यात कंडेन्सर सिलिका जेलच्या पुडीसकट बंद डब्यात ठेवा, दमट झाला की तडतडतो.