वारीला बाण नकोत, शिक्केही नकोत

नानापेठी

परवा शाळेच्या ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट फिरत फिरत आली. लिहिणारे गृहस्थ कमिनो, म्हणजे ख्रिस्ती लोकांची पायी यात्रा, चालून आलेत. फ्रान्सच्या हद्दीतून निघून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत, पावणेआठशेच्या वर किलोमीटर. चालले, आनंद आहे. पण परत आल्यावर त्यांना वारीची दया आली. सूचना अशा: आळंदी ते पंढरपूर पिवळे बाण रंगवा. वारकऱ्याला पासपोर्टसारखी वही द्या, मुक्कामागणिक शिक्का मारा, शेवटी प्रमाणपत्र द्या. जागोजागी स्वस्तातल्या खाटा ठेवा, म्हणजे कुणालाही वर्षभर कधीही एकट्याने चालता येईल. कारण काय, तर सध्याची वारी म्हणजे नुसती गर्दी, आणि आजच्या माणसाला स्वतःशी संवाद साधायचाय.

दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

बाण कुणाला लागतात? ज्याच्या पुढे कुणी चालत नाही त्याला. कमिनोवरचे बाण एलियास वालिन्या नावाच्या पाद्र्याने 1980 च्या दशकात रंगवायला घेतले, कारण तिथे चालणारे फार थोडे उरले होते. त्या माणसाला दंडवतच. पण आमच्याकडे तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराजांनी 1685 मध्ये तुकोबा आणि माऊली दोघांच्या पादुकांची पालखी काढली, पुढे हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींचा सोहळा वेगळा करून त्याला शिस्त लावली, आणि ते अजून चालूच आहे. 2020 आणि 2021 ला पादुका एसटीने गेल्या तेव्हा आमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या सुतक असल्यासारख्या बसल्या होत्या. ही काय मोडलेली वाट आहे?

आणि गर्दी? तुकोबांची पालखी दोन रात्री पुण्यात आमच्या नाना पेठेत असते, माऊलींची पलीकडे भवानी पेठेत. जन्मापासून बघतोय. माऊलींच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या, मागे शेकडो, प्रत्येकीला नंबर. पताका, टाळकरी, पखवाज, वीणा, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. आठवड्याच्या कोणत्या वाराला कोणते अभंग तेही ठरलेलं. संध्याकाळी तळावर समाजआरतीला चोपदार चोप (हातातला दंड) वर करतो आणि लाखभर माणूस गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिने तेवढे टाळ वाजवत राहायचे. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, मिटवतो, मगच आरती. गर्दीत असं होतं? लक्ष्मी रोडला दिवाळीच्या आदल्या शनिवारी चोप उंचावून बघा.

स्वतःशी संवाद घरी गॅलरीत बसूनही होतो. त्यासाठी विठोबाला कशाला मध्ये घेता?

पायपीट

ती पोस्ट माझी नाही, आधीच सांगतो. पण मीही कमिनो चाललोय, म्हणून बोलतो.

नानापेठी, तुम्ही दारातून बघताय. चाललायत का कधी? मी दोन्हीकडे चाललोय. कमिनोवर संध्याकाळी अनोळखी माणसं एका टेबलाला जेवायला बसतात, कुणी कुणाचं गाव विचारत नाही. वारीत माझ्यासारखा ओळखीशिवाय गेलेला माणूस कुणाचाच नसतो. दिंडीत घेताना विचारतात कोणाकडून आलात, भिशी (दिंडीच्या खर्चाची वर्गणी) भरली का, माळ आहे का. पहिल्या रात्री सासवडला दुकानाच्या पायरीवर झोपलो. पाऊस आला, तेव्हा शटरखाली शिरायलाही आधीच चौघं होते. त्या रात्री मला कुणी 'माऊली' म्हणालं नाही, 'सरका' म्हणाले.

एकट्याने चालायचं म्हटलं की लगेच नास्तिक आणि सहलवाला? आजच्या माणसाला कुणाच्या ओळखीशिवाय चालावंसं वाटतं, यात पाप काय?

शिक्क्यांचं मात्र तुमचं मान्य. तिथे पायी शेवटचे 100 किलोमीटर केले तरी प्रमाणपत्र मिळतं, म्हणून बसने सारिया गावाला उतरायचं, तिथून चालायचं, ही टूमच निघालीय. त्यापुढे कमिनोचा पुण्यातला गजबजलेला एफसी रोड होतो.

नानापेठी

सासवडपर्यंत चाललोय. पुढे गुडघे आहेत, आणि घरी आई. प्रमाणपत्र दाखवू का?

तुळशीबागवाली

पुरुषांचं तत्त्वज्ञान संपलं असेल तर एक विचारू? बायकांच्या शौचालयाचं काय?

माझ्या सासूबाई दिंडीत असायच्या, एका वर्षी मी सोबत गेले. रात्री दोनला तंबूत कुजबुज सुरू. वाटलं काकड्याची तयारी. कुठली काकड्याची, उजाडल्यावर आडोसा राहत नाही म्हणून बाया उठत होत्या. चौघी-चौघी, एकीच्या हातात बॅटरी, एकीच्या हातात तांब्या, शेताच्या बांधाकडे. सासूबाई तर दुपारनंतर पाणीच प्यायच्या नाहीत. सत्तरीची बाई, जेष्ठातलं ऊन, आणि पाणी नाही! आता फिरती शौचालयं असतात, आधीपेक्षा पुष्कळ बरं आहे, पण तळाच्या एका टोकाला. अंधारात चिखल तुडवत तिथवर कोण जाणार, आणि गेलं तर पाणी संपलेलं.

त्या पोस्टवाल्यांच्या बाणांना आणि वहीला मी हसते. पण जागोजागी पक्की सोय म्हणाले असतील तर ते बरोबर म्हणाले. वर्षभर उभी असेल तर वारीलाही कामाला येईल. तुम्हाला त्यात परदेश दिसतो, मला नळ दिसतो.

फलटणचा

पुणेकरांनो, 'वाट मोडली नाही' म्हणताय ती वाट कुठे आहे? आम्हाला दाखवा. आमच्याकडे आहे तो राष्ट्रीय महामार्ग 965. नोव्हेंबर 2021 ला पंतप्रधानांनी कोनशिला बसवली, दिवेघाट ते मोहोळ 221 किलोमीटर माऊलींचा, पाटस ते तोंडले-बोंडले 130 किलोमीटर तुकोबांचा. वारकऱ्यांना चालायला बाजूने वेगळी पट्टी देणार म्हणून सांगितलं होतं. आमचं शेत त्यात गेलंय. मोबदला मिळाला, तक्रार नाही. पण आता तुम्ही 'पारंपरिक मार्ग' म्हणून डोळे मिटता तेव्हा हसू येतं.

कोरडापाषाण

आणि वड? वडांचं कोण बोलणार? त्या रस्त्याला दुतर्फा जुने वड होते. एकेका वडाखाली अख्खी दिंडी जेवायला बसायची. रुंदीकरणात किती तोडले ते रस्त्याने गेलेल्या कुणालाही दिसतं. काही पुन्हा लावले म्हणतात. अनवाणी माणूस भर दुपारी सिमेंटवरून कसा चालतो ते बघा, पाय उचलून उचलून टाकतो. डांबर तापतं, पण बाजूला माती तरी असायची. आता कडेला कठडा.

आमच्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्याच्या तळव्याची साल निघाली. लोणंदला एका पोऱ्याने मलम लावलं, फडकं बांधलं, पाया पडला आणि गेला. हेच वारीचं मर्म वगैरे म्हणून फोटो टाकतील लोक. मर्म नाही, भाजलेला पाय आहे तो.

फलटणचा

सावली वर्षातून एकदा शोधायला येता तुम्ही. आम्ही त्या रस्त्याने रोज जातो. ऊस नेतो, पोरं कॉलेजला जातात, बाळंतीण पुण्याला न्यायची असते. जुन्या रस्त्यावर वडाला धडकून माझा चुलतभाऊ गेला. त्याच वडाखाली तुमची दिंडी जेवत असेल. आता बोला.

कोरडापाषाण

झाड रस्त्यावर आलं नव्हतं, गाडी झाडावर गेली होती.

फलटणचा

तोंड सांभाळून. माणूस गेलाय आमच्यातला.

कोरडापाषाण

माणूस गेला त्याचं वाईट वाटतं, खरंच. पण त्यावरून शेकडो झाडांना फाशी? वळणावरचं एक काढा, पट्टे मारा, दिवे लावा, वेग कमी करा. आख्खी रांग कशाला? आणि चौपदरी झाल्यावर गाड्या हळू जातात असा अनुभव आहे का तिकडे?

फलटणचा

नाही. तेही नाही. सुसाट जातात. म्हणून तर ती वेगळी पट्टी पाहिजे, आणि तिच्या कडेने झाडं पाहिजेत. वडच लावा, शोभेची गुलमोहरं नकोत. एवढं म्हणायला तुम्हाला कुणी अडवलं नव्हतं, पण तुम्हाला आधी माझ्या भावाला गाडी शिकवायची होती.

सातपुडा

(अवांतर, पण विषय एकट्याने चालण्याचा निघालाय म्हणून.) नर्मदा परिक्रमेला ना बाण, ना वही. नियमाने तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस. नदी एका हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, सदावर्त मिळेल ते खायचं. एकट्याने चालणाऱ्याला आपल्याकडे जागा आहे, त्यासाठी स्पेनला जायला नको. तिथेही सरदार सरोवराच्या पाण्यात शूलपाणीच्या झाडीतली जुनी वाट गेली, लोक वरून वळसा घालून जातात. आणि पुण्यातून बसने पंधरा-वीस दिवसांत उरकणारेही आहेत, दुपारी वामकुक्षीसह. त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही.

उगाच

सगळं शिस्तीचं, सगळं समतेचं. छान. इरावतीबाई कर्वे वारीला गेल्या तेव्हा त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवायचे, त्यांनी लिहून ठेवलंय ते. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावं लागलं. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर. नानापेठींनी सांगितलेल्या 'ठरलेल्या जागा' कुणी ठरवल्या, हेही एकदा येऊ दे. पायपीट यांना 'कोणाकडून आलात' विचारलं, त्यात पुष्कळदा दुसरंच विचारायचं असतं.

नानापेठी

आलाच हा मुद्दा. तुम्ही पुस्तकातली दिंडी सांगताय, मी आजची. आज आमच्या गल्लीतल्या शाळेत उतरणाऱ्या दिंडीत एकच पंगत बसते. मी वाढतो, मला माहीत आहे.

उगाच

वाढता तुम्ही. जेवायला शेजारी बसता का?

नानापेठी

बसतो. या वर्षी या, तुम्हालाही बसवतो. पिठलं-भाकरी असते, चालत असेल तर.

तुळशीबागवाली

माझ्या नळाचं उत्तर कुणी दिलं नाही, नोंद घ्यावी. झाडांवर पानं भरली.

माळकरी

उशिरा आलो, सगळं वाचलं. पायपीट, एक सांगतो, पटलं तर घ्या.

तुम्हाला एकट्याने, गर्दीशिवाय चालायचंय ना? परतवारीला या. पौर्णिमेला गोपाळकाला झाला की लाखो लोक एसटी, रेल्वे, ट्रक धरून घरी जातात. पादुका मात्र पायीच परत निघतात. बरोबर अगदी थोडी माणसं. जाताना माऊली पंढरपूरला पोचायला अडीच-तीन आठवडे घेतात, परतताना दहा-अकरा दिवसांत आळंदी. चाल मोठी. कॅमेरे नाहीत, बिस्किटं वाटणारे नाहीत, पाय चेपणारे नाहीत, आमदारांचे फलक नाहीत. आषाढातला पाऊस तेवढा असतो. जाताना ज्या गावाने कमानी उभारल्या तिथून येताना कधी कधी फक्त एखादी म्हातारी भाकरी घेऊन उभी दिसते. तिथे कुणी माळ विचारत नाही, विचारायला माणूसच नसतो. ज्यांना गर्दी बोचते त्यातले किती जण परतवारीला येतात ते मी बघतोय. येत नाहीत. गर्दी नको असते, पण गर्दीने केलेली सोय हवी असते.

तुळशीबागवाली ताई, परतीला सोय आणखी वाईट, खोटं कशाला बोलू. टँकर आणि फिरती शौचालयं एकादशीनंतर दिसत नाहीत. तुमचा पक्का नळ वर्षभराचा असेल तर पहिला उपयोग आम्हालाच.

पायपीट

गर्दीची सोय हवी हे टोचलं, पण उत्तर नाही माझ्याकडे. परतवारीबद्दल कधी ऐकलं नव्हतं. भिशी किती, आणि कुणाकडे भरायची?

माळकरी

व्यक्तिगत निरोप पाठवतो. बूट नवे घेऊ नका, वापरलेले आणा. ती उंच, चकचकीत पाठपिशवीही नको, आमच्याकडे सामान टेंपोत असतं.

पायपीट

म्हणजे पाठीवर ओझं न घेता? कमिनोवर याला फसवणूक म्हणतात :)

नानापेठी

म्हणू द्या. शिक्का कुठे मारायचाय.

फलटणचा

टेंपोवाल्याला सांगा, बरडच्या पुढे सर्व्हिस रोडने घ्या, हायवेवर थांबू नका. आणि कोरडापाषाण, वडाची रोपं माझ्याकडे तयार आहेत, पिशवीत लावलेली. बोलण्यापेक्षा खड्डे घ्यायला या, पावसाआधी.

कोरडापाषाण

येतो. पण कठड्याच्या आत लावणार असाल तर. बाहेर लावलीत तर पुढच्या रुंदीकरणात परत जाणार, आणि मग आपण इथेच परत भांडणार.