बिलच पाहिलं नाही, त्याने हॉटेलबद्दल काय लिहावं?

अबोली

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून 2023 च्या डिसेंबरात आम्ही दोघं मालदीवला गेलो. चार वर्षं बाजूला टाकलेले पैसे होते. रिसॉर्ट निवडलं ते एका गुळगुळीत कागदाच्या इंग्रजी मासिकातला लेख वाचून. लेख खरंच सुंदर होता. पाण्यावरची व्हिला, काचेच्या जमिनीखालून फिरणारे मासे, संध्याकाळचा रंग. त्यात एक वाक्य होतं, की मालेहून सीप्लेनने पाऊण तासात बेटावर पोचता येतं.

आमचं विमान संध्याकाळी पावणेसहाला उतरलं. सामान घेऊन काउंटरवर गेलो तर तिथला मुलगा म्हणाला, सीप्लेन फक्त उजेडात उडतात, आजचं शेवटचं गेलं. रात्र हुलहुमालेच्या एका लहान हॉटेलात काढली, स्वतःच्या खर्चाने. रिसॉर्टमधली पहिली रात्र बुडाली ती बुडालीच.

निघताना बिल हातात आलं. दर्शनी भावावर 10 टक्के सेवाशुल्क, त्याच्यावर 16 टक्के जीएसटी, शिवाय माणशी दर रात्री 6 डॉलर ग्रीन टॅक्स. सीप्लेनचं भाडं वेगळं, बेटावर दुसरं दुकान नाही म्हणून पाण्याची बाटलीही त्यांच्याच भावाने. ह्यांनी बिलाची घडी घालून खिशात ठेवली आणि विमानात बसेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

घरी आल्यावर तो लेख पुन्हा वाचला. खोटं वाक्य एकही सापडलं नाही. अगदी शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती: लेखिका रिसॉर्टच्या पाहुण्या म्हणून राहिल्या होत्या. म्हणजे तिचं विमान दुपारी उतरेल हे कोणीतरी आधीच बघितलं असणार, आणि बिल तिच्यासमोर आलंच नसणार. जे तिला भोगावं लागलं नाही ते तिला दिसलं नाही. तिच्यावर माझा राग नाही. पण माझ्यासारख्या वाचकाला नेमकं तेच हवं होतं.

कोंडे नास्ट ट्रॅव्हलर हे मासिक 1987 साली हॅरल्ड इव्हान्स यांनी सुरू केलं, तेव्हा 'प्रवासातलं सत्य' अशा अर्थाचं ब्रीद होतं आणि लेखकाने फुकटची सहल घ्यायची नाही हा नियम होता. माझं मागणं त्याहून लहान आहे. फुकट राहिला असाल तर ते लेखकाच्या नावाशेजारी, त्याच टायपात छापा. मी वाचायला सुरुवात करण्याआधी मला कळू दे.

भ्रमंती_पुणे

अबोलीताई, मी हेच लिहून पोट भरतो, त्यामुळे थेट बोलतो. गेल्या वर्षी एका इंग्रजी मासिकासाठी 1200 शब्दांचा लेख लिहिला. सहा हजार रुपये मिळाले, तेही चार महिन्यांनी, तीनदा फोन केल्यावर. ज्या जागेबद्दल लिहिलं तिथल्या एका रात्रीचं भाडं बेचाळीस हजार होतं. तुम्ही म्हणता तो नियम आज लावला तर त्या जागेबद्दल कोण लिहील? ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो. त्याला तर बेचाळीस हजारांचं काहीच वाटणार नाही. तुमच्या पाण्याच्या बाटलीचा भाव त्याच्या लेखात येईल असं वाटतं का तुम्हाला?

1987 च्या त्या मासिकाकडे घड्याळं, गाड्या आणि विमान कंपन्यांच्या पानभर जाहिराती होत्या. लेखकाचं तिकीट त्यातून निघायचं. आता त्या जाहिराती मोबाइलवर गेल्या आणि आमचं तिकीट हॉटेलकडे आलं.

आणि मी विकला गेलेलो नाही. जागा आवडली नाही तर मी लिहीत नाही. दोन वर्षांत तीन ठिकाणी नाही म्हटलं. त्यातल्या एकाने मला पुन्हा कधी बोलावलं नाही.

अबोली

भ्रमंती, तुमचे पैसे चार महिने अडकवणाऱ्यांबद्दल मलाही चीड आहे. पण तुमचं शेवटचं वाक्य बघा. तीन जागा तुम्हाला वाईट वाटल्या आणि त्यांच्याबद्दल तुम्ही काहीच छापलं नाही. मग त्या तीन जागी पैसे भरून जाणाऱ्याला सावध कोणी करायचं? तुमचा प्रामाणिकपणा तुमच्या वहीत राहिला.

दुबईकर_13

मी अबोलींच्या बाजूने. इकडे अमिरातीत 2018 पासून पैसे घेऊन समाजमाध्यमांवर जाहिरात करणाऱ्याला परवाना लागतो. आपल्याकडेही अगदी मोकळं रान नाही. जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम आणले, आणि जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने स्पष्ट केलं की फुकटची सहल किंवा हॉटेलातला मुक्काम हाही मोबदलाच, तो ठळकपणे सांगायचा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. मग रील टाकणाऱ्या पोरीने 'जाहिरात' असं वर लिहायचं आणि मासिकातल्या लेखकाची ओळ शेवटी बारीक अक्षरात का?

पाचवी_फ्रेम

अबोलीताई, तुमची रात्र बुडाली ह्याचं वाईट वाटलं. पण इथे सगळे लेखकांबद्दलच बोलताहेत. आम्हा फोटोग्राफरांचा धंदा वेगळा आहे. मी सतरा वर्षं हॉटेलांचे फोटो काढतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हॉटेलातला स्वीट, म्हणजे मोठी आलिशान खोली, कसा शूट होतो ते सांगतो. अकराला एक पाहुणा जातो, दोनला दुसरा येतो. मध्ये हाउसकीपिंगने खोली लावली की आमच्या वाट्याला पाऊण तास. चादर पलंगावर असतानाच तिच्यावर स्टीमर फिरवायचा. लॅम्पशेडची शिवण भिंतीकडे वळवायची. वायरी गालिच्याखाली, टीव्हीचा रिमोट, टिश्यूचा डबा आणि मेनूकार्ड ड्रॉवरमध्ये. कॅमेरा छातीच्या उंचीला, टिल्ट-शिफ्ट लेन्स लावलेली, म्हणजे भिंती वाकत नाहीत. मग ट्रायपॉडला बोट न लावता सहा-सात फ्रेम घ्यायच्या. एक खिडकीबाहेरच्या समुद्रासाठी, एक खोलीतल्या सावलीसाठी, बाकीच्या एकेक दिवा वेगळा लावून. रात्री घरी बसून त्या एकावर एक बसवायच्या. खोलीत उभं राहिलं की माणसाच्या डोळ्याला पलंग आणि समुद्र दोन्ही दिसतात. कॅमेऱ्याला एका फ्रेममध्ये ते जमत नाही, म्हणून हे जोडकाम. ह्याला मी खोटं म्हणू देणार नाही.

कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जला रिचर्ड नॉयट्राने आखलेलं, 1946 चं कॉफमन हाउस आहे. 1947 मध्ये ज्युलियस शुलमनने त्याचा तिन्हीसांजेचा फोटो काढला. एकाच निगेटिव्हवर पाऊण तास, आतबाहेर धावत, घरातले दिवे एकेक करून लावत-विझवत. पोहण्याच्या तलावातल्या दिव्याची तिरीप कॅमेऱ्यात येत होती, तर ती अडवायला घराच्या मालकीणबाईंना काठाशी आडवं व्हायला लावलं. फोटोत त्या निवांत पहुडल्यासारख्या दिसतात. 1970 मध्ये त्याच तलावाशी स्लिम ॲरन्सने भर उन्हात दोन बायकांना गप्पा मारताना टिपलं, त्यातली पिवळ्या कपड्यांतली ही घराची तेव्हाची मालकीण. हा ॲरन्स दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराचा फोटोग्राफर होता, त्यात जखमीही झाला, आणि पुढे आयुष्यभर त्याने श्रीमंतांची सुखं टिपली. मी हे दोन फोटो कितीदा पाहिले असतील सांगता येत नाही. रचलेले आहेत, पण ते घर मला त्यांच्यातूनच कळलं.

माझी रेघ मी अशी ओढतो: जे जागेवर आहे ते काढायचं नाही, जे नाही ते घालायचं नाही. एका रिसॉर्टच्या शेजारी बांधकाम चालू होतं, खिडकीतून क्रेन दिसायची. ती पुसून द्या म्हणाले. मी नाही म्हटलं. काम दुसऱ्याकडे गेलं आणि छापलेल्या फोटोत क्रेन नाही.

आता मालकीचं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 17 वं कलम वाचा. फ्रीलान्सर लेखकाने लिहिलेला लेख, वेगळा करार नसेल तर, त्याचाच राहतो. पण मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला तर, वेगळा करार नसेल तर, त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. 2014 मध्ये मी काढलेला एक तलाव आजही एका बुकिंगच्या साइटवर झळकतोय. तो तलाव बुजवून तिथे लॉन केलंय. लोक पोहायचे कपडे घेऊन जातात. मी तो फोटो उतरवा असं सांगायला गेलो तर मला विचारतात, तुमचा काय संबंध? खरोखरच संबंध नाही. अबोलीताई, तुमच्या टायपाच्या मागणीला माझा पाठिंबा आहे, पण फोटोखाली तारीखही मागा. फोटो कोणी काढला आणि कोणत्या महिन्यात काढला, एवढं.

मांडवीकाठ

गोव्यात एका हॉटेलच्या मार्केटिंगमध्ये आहे, म्हणजे ज्यांना तुम्ही दोष देताय त्यांच्यातली. आमची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितेय.

आम्ही लेखकाला लाच देत नाही. दोन रात्री, एक लेख, आठ फोटो, असं ईमेलवर ठरतं. काय लिहावं हे मी आजवर एकालाही सांगितलेलं नाही. आणि हे लपूनछपून चालत नाही. 1 जुलै 2022 पासून आयकरात 194 आर हे कलम आलं. धंद्याच्या संबंधातून कोणाला वर्षाला 20 हजारांवरचा असा लाभ दिला तर 10 टक्के टीडीएस कापायचा. मी लेखकाकडे पॅन मागते तेव्हा काही जण दुखावतात.

पण पाचवी फ्रेम तारखेबद्दल जे म्हणाले ते मनाला लागलं. आमचे सगळे फोटो नोव्हेंबरातले. पाणी निळं, शॅक (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा खानावळी) उभ्या, वाळूवर खाटा. जुलैत सूट देऊन खोल्या भरतो तेव्हा शॅक उतरवलेल्या असतात, समुद्र लालसर मातकट, आणि पाण्यात उतरू नका म्हणून लाल बावटे. गेल्या पावसाळ्यात नाशिकचं एक कुटुंब आलं होतं. लहान मुलगी लॉबीत उभी राहून भिंतीवरचा फोटो आणि दारातून दिसणारा समुद्र आळीपाळीने बघत होती. तिच्या आईने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तरीही मी म्हणते, लेखकाला बोलावणं चूक नाही. बोलवायचं तर जुलैत बोलवावं.

अंकवाला

आमचा दिवाळी अंक छोटा आहे, पण गुन्हा तोच आहे म्हणून कबूल करतो. डावीकडे युरोपच्या सहलीवरचा लेख, उजवीकडे त्याच सहली नेणाऱ्या कंपनीची पानभर जाहिरात. लेखिका त्यांच्याच सहलीला गेलेली. ती जाहिरात नसती तर कवितांची सोळा पानं कापावी लागली असती. अबोलीताईंनी सांगितलेली ओळ नावाशेजारी छापायला मला काहीच खर्च नाही. ह्या वर्षी छापतो. कंपनीला आवडेल का, माहीत नाही.

जुनेपुराणे

थोडं उलट लिहितो. राजा दीनदयाळ हे हैदराबादच्या सहाव्या निजामांचे दरबारी फोटोग्राफर, पुढे मुंबईतही त्यांचा स्टुडिओ होता. फलकनुमा महालाच्या दालनांचे त्यांचे फोटो आहेत. ते दरबाराच्या आश्रयाने काढलेले, त्या काळच्या हिशेबाने निव्वळ ऐश्वर्याची जाहिरात. आज त्या महालात 2010 पासून ताजचं हॉटेल आहे, आणि तिथे पूर्वी काय होतं हे बघायला आपण त्याच फोटोंकडे जातो. मिंध्या माणसाच्या हातूनही दस्तऐवज होतो. कोणाच्या पैशाने काढला हे महत्त्वाचं, पण त्यावरून काम टाकाऊ ठरवू नका.

अबोली

जुनेपुराणे, दीनदयाळांचा फोटो पाहून मी खोली बुक करायला जात नाही, हा फरक आहे. तो फोटो कोणासाठी काढला हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पाचवी फ्रेम, तुमचा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. क्रेनपाशी आल्यावर म्हणाले, हा माणूस मालदीवला असता तर आपल्याला काउंटरचाही फोटो मिळाला असता.

भ्रमंती_पुणे

तीन दिवस ह्यावर विचार करतोय. यजमानाशिवाय मला फिरता येणार नाही, ते बदलत नाही. पण बिल मागता येईल. पुढच्या महिन्यात केरळात बॅकवॉटरवर एका जागी जायचंय. काल त्यांना लिहिलं, की दोन माणसं, दोन रात्री, जेवण आणि गाडी धरून पैसे भरणाऱ्या पाहुण्याला जसं बिल देता तसं एक नमुना बिल पाठवा, लेखात छापणार आहे. उत्तर आलं, 'दर विचारणा केल्यावर कळवू.' विचारणाच तर केली होती.

मांडवीकाठ

भ्रमंती, आमच्याकडे मागा. जुलैचं देते, करांसकट.

अबोली

आलं की इथे टाका. आणि केरळवाल्यांना हेही विचारा, संध्याकाळी सहानंतर पोचलं तर होडी मिळते का.