मदत हवी आहे: बोटीच्या इंजिनचं ऑइल दुधाळ झालंय, पाणी नेमकं कुठून शिरतंय?

डोलकाठी:
नमस्कार मंडळी. काल सकाळी इंजिन चालू करायच्या आधी सवयीने डिपस्टिक काढली आणि पोटात गोळाच आला. पट्टीवर काळं ऑइल नाहीच. राखाडी, दुधाळ लगदा, आणि पातळी वरच्या खुणेच्याही चांगली दोन बोटं वर. चिमटीत चोळलं तर साबणासारखं सरकतं. ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर आतून पिवळट थर धरलेला. विश्वास बसेना म्हणून एकदा सेल्फ मारला, तर 'ठक्क' करून इंजिन जागीच अडकलं. त्यानंतर हात लावलेला नाही.

चार सिलिंडरचं डिझेल आहे, बोटीच्या आत बसवलेलं, पाण्याच्या रेषेपेक्षा थोडं खाली. ब्लॉकमध्ये कूलंट फिरतो. समुद्राचं पाणी पंपाने ऑइल कूलर आणि हीट एक्सचेंजरमधून जातं, तिथून एल्बोपाशी (एक्झॉस्टच्या वळणाच्या पाइपपाशी) धुरात मिसळतं आणि सायलेन्सरमधून बाहेर पडतं. कूलंटच्या टाकीतली पातळी जिथल्या तिथे आहे. मागच्या आठवड्यात डिझेल फिल्टर बदलला, तेव्हा हवा काढताना बराच वेळ सेल्फ मारावा लागला होता. पण त्यानंतर दोन फेऱ्या झाल्या. तापमान, ऑइल प्रेशर, धूर, सगळं नेहमीसारखं.

मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं सील, गेलंय, हेड उतरवू. एकदा हेड उघडलं की काम वाढत जातं, म्हणून आधी खात्री करून घ्यायची आहे. सुरुवात कुठून करू?

सुकाणू:
माझ्या इंजिनला असंच झालं होतं आणि गॅस्केटच निघालं. पण माझं कूलंट रोज कमी होत होतं, तुमचं होत नाहीये. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते तपासून घ्या.

नांगर:
कॉम्प्रेशन आत्ता नको, दादा. सेल्फला हात लावू नका, बॅटरीची वायरच काढून ठेवा. तो 'ठक्क' म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी उभं आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणाऱ्या पिस्टनला पाणी आडवं आलं आणि सेल्फने जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन त्यातून चालू झालंच तर ब्लॉकला भोकही पडू शकतं. चारही इंजेक्टर काढा, स्टॉपची केबल ओढून ठेवा आणि क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. भोकांच्या समोर चेहरा नेऊ नका. कुठल्या नंबरमधून पाणी उडालं ते लिहून ठेवा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ताजं ऑइल सोडा. खारं पाणी असेल तर लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) गंज धरायला एक रात्र पुरते, त्यामुळे हे आजच करा.

आता निदानाचं. पाणी कुठून आलं हे शोधण्याआधी ते कुठलं पाणी आहे हे ठरवा, निम्मी वाट तिथेच सुटते. ड्रेनचा नट अगदी हळू सैल करा. इंजिन रात्रभर उभं होतं, तेव्हा तळाला बसलेलं पाणी आधी येईल. ते काचेच्या बाटलीत धरा. हिरवं, निळं किंवा गुलाबी दिसलं तर कूलंट. रंग नसेल तर सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. खाऱ्या पाण्यात लगेच दाट पांढरा साका बसतो. शेजारी साध्या पाण्याची बाटली ठेवून तुलना करा, कारण नळाच्या पाण्यातही थोडं धुरकट होऊ शकतं. हातमोजे घाला, कातडीवर काळे डाग पडतात. आणि चव घेऊन खारं आहे का बघायचा मोह टाळा. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे.

आता तुमच्या गॅस्केटबद्दल. तुमच्या रचनेत समुद्राचं पाणी हेडपर्यंत जातच नाही, तिथे फक्त कूलंट असतो. म्हणजे बाटलीतलं पाणी खारं निघालं तर हेड उतरवून हाती काही लागणार नाही. खाऱ्या पाण्याला ऑइलपर्यंत पोहोचायला तीनच वाटा उरतात: पंपाचं सील, ऑइल कूलरची नळी, आणि एक्झॉस्ट (तिथून पाणी सिलिंडरमध्ये आणि पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं). पंपात पाण्याचं सील आणि ऑइलचं सील यांच्यामध्ये बाहेर उघडणारं छोटं भोक असतं. सील गेलं की पाणी आधी तिथून ठिबकतं. भोक बुजलं असेल तरच आत जातं. ऑइल कूलर फुटला तर इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो, आणि इंजिन बंद केल्यावर पाणी उलट ऑइलमध्ये येतं. पण या दोन्ही वाटांनी आलेलं पाणी सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीत, जातं. पिस्टनच्या डोक्यावर ते चढत नाही. तुमच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर मला एक्झॉस्टचाच संशय आहे.

डोलकाठी:
नांगरदादा, मनापासून आभार. सांगितलंत तसंच केलं. चार नंबरमधून पाण्याची चिळकांडी उडाली, तीन नंबरमधून थोडं आलं, एक आणि दोन कोरडे. ड्रेनमधून आधी जवळजवळ दीड लिटर नितळ पाणी आलं, मग तो लगदा. सिल्व्हर नायट्रेट टाकताच बाटली पांढरीफेक झाली. खारंच आहे. पंपाखालचं भोक तारेने तपासलं, मोकळं आहे आणि कोरडं.

म्हणजे फिल्टर बदलताना जे सेल्फ मारत बसलो, तेच भोवलं का?

सुकाणू:
तेही एक कारण असू शकतं. इंजिन चालू होत नसताना सेल्फ मारत राहिलं की पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे एक्झॉस्टच्या वाल्व्हपर्यंत येतं. म्हणून असं काम करताना समुद्राच्या पाण्याचा वाल्व्ह बंद ठेवायचा आणि इंजिनने पकड घेतली की त्याच क्षणी उघडायचा. गॅस्केटचं माझं म्हणणं मागे घेतो.

नांगर:
पण त्यानंतर दोन फेऱ्या नीट झाल्या, हे विसरू नका. त्या दिवशी पाणी आलं असतं तर दुसऱ्याच सकाळी कळलं असतं. हे पाणी बोट उभी असताना आलंय. तुमचा एल्बो पाण्याच्या रेषेखाली आहे, तेव्हा वर चढवलेल्या पाइपच्या माथ्यावर सायफन तोडणारा छोटा वाल्व्ह असणार. इंजिन थांबलं की तो हवा आत घेऊन पाइपातली धार तोडतो. तो बुजला की इंजिन बंद केल्यावरही समुद्र आपल्या आपण आत वाहत राहतो.

त्याची परीक्षा इंजेक्टर बाहेर आहेत तोवरच करून घ्या, याहून सुरक्षित वेळ मिळणार नाही. आधी सम्पमध्ये ताजं ऑइल आणि नवा फिल्टर. एल्बोला जाणारा पाण्याचा पाइप एल्बोपासून सोडवून तोंड बादलीत धरा, पाण्याच्या रेषेच्या खाली. समुद्राचा वाल्व्ह उघडा, बॅटरी जोडा, स्टॉप ओढलेलाच ठेवून काही सेकंद सेल्फ मारा. पाणी बादलीत येऊ लागलं की थांबा आणि नुसतं बघत राहा.

डोलकाठी:
सेल्फ थांबवला आणि पाणी थांबलंच नाही. बोटाएवढी धार, आवाज न करता बादलीत पडत होती. काही मिनिटांत बादली निम्मी भरली. वाल्व्ह बंद केला तेव्हा थांबली.

सायफनचा वाल्व्ह खोलला. माथ्यावरचं बारीक भोक मिठाच्या पांढऱ्या खड्याने पूर्ण बुजलेलं, आतली रबराची जीभ कडक होऊन चिकटलेली. कोमट गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढलं, जीभ नवी घातली आणि परीक्षा पुन्हा केली. सेल्फ थांबला की धार जागच्या जागी तुटते. ती तुटताना पाहिली आणि दोन दिवसांनी जीव खाली पडला.

आता ऑइलचं काय करू? आणि बेअरिंगला धक्का बसला असेल का?

नांगर:
छान झालं. सायलेन्सरमधलं पाणी तळाच्या नटातून काढून टाका, नाहीतर पहिल्याच सेल्फला तेच पाणी परत येईल. इंजेक्टर बसवण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. आता ते करायला हरकत नाही. रॉड वाकला असेल तर पिस्टन पूर्ण वर येत नाही आणि त्या सिलिंडरचा आकडा स्पष्ट कमी दिसतो.

मग इंजिन चालू करून ऑइल गरम होईपर्यंत चालवा आणि गरम असतानाच काढा, फिल्टरसकट. एका वेळी भागत नाही. कूलरमध्ये आणि गॅलऱ्यांमध्ये (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांमध्ये) दुधाळ ऑइल अडकलेलं असतं. तीन वेळा तरी करावं लागेल. या धुण्यासाठी महागडं ऑइल नको, पण ग्रेड पुस्तिकेतलाच हवा. रंग स्वच्छ दिसला म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर, साधारण १५० अंशांवर, दोन थेंब टाका. तडतडलं तर पाणी अजून आहे, ०.१ टक्क्याच्या आसपास असलं तरी ऐकू येतं. डोळ्यांना चष्मा लावा.

बेअरिंगचं उत्तर डोळ्यांनी मिळणार नाही. दहा तास चालवून नमुना प्रयोगशाळेत द्या, सोबत न वापरलेल्या ऑइलचाही द्या. समुद्राच्या पाण्यात सोडियम मॅग्नेशियमच्या साधारण आठपट असतं, पण काही ऑइलमध्ये मॅग्नेशियम मुळातच घातलेलं असतं, त्यामुळे कोऱ्या ऑइलशी तुलना केल्याशिवाय आकडा वाचता येत नाही. लोखंड, शिसं आणि तांबं किती आहे तेही बघा, आतले भाग झिजले की हेच धातू ऑइलमध्ये उतरतात.

डोलकाठी:
कॉम्प्रेशन: पहिले तीन २७ बार, चौथा २६. तीनदा ऑइल बदललं. पहिलं राखाडी निघालं, दुसरं किंचित धुरकट, तिसरं स्वच्छ. चौथं भरून पाच तास चालवलं, पत्र्यावर थेंब शांत पसरतो. काल रात्री समुद्राचा वाल्व्ह मुद्दाम उघडा ठेवला आणि पहाटे डिपस्टिक काढली. पातळी खुणेवर. आणखी पाच तास झाले की दोन्ही नमुने पाठवतो आणि आकडे इथेच टाकतो.