मदत हवी आहे: फीचर फ्लॅगचा नियम सिंधुदुर्गापुरता, स्क्रीन दिसतेय आजऱ्याला

मंडळी, मी कुडाळात घरून टेस्टिंग करते. आमचं बागायतदारांसाठी अ‍ॅप आहे, त्यात हापूसच्या पेट्या नोंदवायची नवीन स्क्रीन फीचर फ्लॅगच्या (म्हणजे कोणाला स्क्रीन दाखवायची, कोणाला नाही ते नियमाने ठरवणारं चालू-बंद बटण) मागे ठेवलीये, आणि ती आधी फक्त सिंधुदुर्गात, त्यातही २० टक्के लोकांनाच दाखवायची असं ठरलं. नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात, कारण डेव्हलपर पुण्यात आणि त्याला देवगड नि दापोली सारखंच... असो.

मी लिहिलं, पिनकोड ४१६ ने सुरू होत असेल तर सिंधुदुर्ग. आमचा ४१६५२०, देवगड ४१६६१३, सगळं बरोबर दिसलं, मी खूश. दुसऱ्या दिवशी आजऱ्याहून एका काजूवाल्याचा फोन, "ओ मॅडम, आमच्याकडं काजू हाय, हापूसच्या पेट्या कुठनं आणू?" बघते तर कोल्हापूर जिल्ह्यातला आजरा ४१६५०५! कोल्हापूर शहरपण ४१६ च. मग ४१६५ आणि ४१६६ एवढंच ठेवलं, तर आजरा तसाच आत, गडहिंग्लज ४१६५०२ तोही आत, आणि आपली वैभववाडी ४१६८१० ती मात्र बाहेर. घाटावरचे आत नि घरचे बाहेर.

अजून दोन भानगडी. पिनकोड आम्ही पहिल्याच पानावर विचारतो, तिथे मला नवीन स्क्रीन दिसते, लॉगिन केलं की जुनी, लॉगआउट केलं की परत नवीन. आणि टेस्टर लोकांना १०० टक्के चालू असा नियम सगळ्यात खाली लिहिलाय, तरी कणकवलीच्या आमच्या टेस्टरला काही दिसत नाही.

प्रतिसाद: शेवटचं आधी सांगतो. नियम वरून खाली वाचतात, पहिला जुळला की तिथेच थांबतात. कणकवलीवाली सिंधुदुर्गाच्या नियमात जुळली, उरलेल्या ८० टक्क्यांत पडली, निकाल बंद, खालची ओळ वाचतंय कोण? टेस्टरचा नियम वर घ्या.
लॉगिनचं म्हणाल तर टक्केवारी म्हणजे दर वेळी चिठ्ठी उचलणं नाही. आयडी आणि फ्लॅगचं नाव मिळून हॅश (त्या दोघांवरून निघणारा, दर वेळी तोच येणारा आकडा) काढतात, त्यावर माणूस आत की बाहेर ते ठरतं. लॉगिनच्या आधी निनावी आयडी जातो, नंतर खात्याचा, मग निकाल बदलणारच. लॉगिन होईस्तोवर फ्लॅग विचारूच नका.
पिनकोड टपाल वाटायला केलाय हो, जिल्ह्याच्या हद्दी आखायला नाही. खात्यात जिल्हा असेल तर तो वापरा.

मी: टेस्टरचा नियम वर घेतला, कणकवलीला दिसलं, थँक्यू! जिल्हा आहे खात्यात, पण मोकळा रकाना 🙈 आत्ता यादी काढली तर सिंधुदुर्ग, सिंधुदूर्ग, सिंधूदुर्ग, ओरोस, आणि एकाने नुसतं "कोकण" लिहिलंय. तालुका मात्र यादीतून निवडायचा आहे, आठच तालुके, ते आठ टाकू का नियमात? आणि ज्याने तालुका निवडलाच नाही त्याला काय मिळेल?

प्रतिसाद: आठ टाका, चालेल. ज्याला कुठलाच नियम जुळला नाही त्याला खालचा डिफॉल्ट. तो बंद ठेवलाय ना?

मी: थांबा, बघून सांगते.