माकडहाड दुखून राहिलं, बसणं मुश्किल झालं, काय करू?

मनीषनगरवाली:
बाथरूममध्ये पाय घसरून सरळ ढुंगणावर आपटली, तेव्हापासून माकडहाड दुखून राहिलं. चालताना काहीच नाही, पण बसलं की दुखतं आणि उठताना तर अशी कळ येते की विचारू नका. बँकेत दिवसभर खुर्ची, वरून स्कूटीने सीताबर्डीला जाणं-येणं, प्रत्येक स्पीडब्रेकरला जीव जातो. सासूबाई म्हणतात हाडवैद्याकडून बसवून घे. जाऊ का? आणि ते गोल रिंगवालं कुशन चालेल का?

फिजिओ_नागपूर:
ताई, हाडवैद्याकडे अजिबात नको, ओढाताणीने आणखी सुजेल. पडल्याने तिथले सांधे मुरगळतात, कधी हाड सरकतं किंवा फ्रॅक्चर होतं, पण त्याला प्लास्टर नसतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होत जातं. रिंगपेक्षा मागून कापलेलं यू आकाराचं किंवा वेज (उतरतं) कुशन घ्या, म्हणजे हाड अधांतरी राहतं, आणि बसताना-उठताना जरा पुढे झुका. साधा एक्सरे पुष्कळदा नॉर्मल येतो, बसून आणि उभं राहून असे दोन काढले तर हाड किती हलतं ते कळतं, ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या डॉक्टरला, तसं विचारा.

वऱ्हाडी_भाऊ:
माह्या मित्रालेही माकडहाडच वाटे, निघालं पायलोनायडल सायनस, म्हंजे माकडहाडापाशी कातडीखाली होनारी पूची पिशवी! तिथं गाठ, पू नाहीतर ताप असन तर सर्जनले दाखवा. अन् बसायची जागा बधिर झाली, लघवी-संडासवरचा कंट्रोल गेला तर वाट पाहू नका बाप्पा, तवाच मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात कॅज्युअल्टीत जा.

दोन_लेकरांची_आई:
मला न पडताच झालं, डिलिव्हरीनंतर. बायकांना हे पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं म्हणे. पोट साफ ठेवा, कुंथलं की दुखणं दुप्पट, मी रात्री इसबगोल घ्यायची. कोमट पाण्याच्या टबात बसायची, नागपूरच्या मे महिन्यात शिक्षाच ती पण आराम पडतो. खरा फरक पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या, फिजिओने पडला, तिथले स्नायू आखडलेले असतात हे कोणी सांगतच नाही. त्यानेही नाही जमलं तर डॉक्टर इंजेक्शन देतात, हाड काढायचं ऑपरेशन फारच क्वचित.

मनीषनगरवाली:
गाठ-ताप काही नाही. यू वालं कुशन मागवते, ऑर्थोची अपॉइंटमेंटही घेते. स्कूटी बंदच ठेवू का?

फिजिओ_नागपूर:
दुखणं उतरेपर्यंत हो. उज्ज्वलनगरहून मेट्रो पकडा, सीट मिळाली तरी उभ्यानेच जा.