खाली मेडिकल, वर घर, राऊटर एकच. नवीन कोणता घेऊ?

मेडिकल_कराड:
नमस्कार मंडळी, खाली मेडिकल आणि वर घर, फायबरचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं पण बिलिंगच्या कॉम्प्युटरला ९४ च्या वर काही जात नाही, वरच्या मागच्या खोलीत तर कशीबशी एक दांडी येते. बिलिंग, कार्ड मशीन, कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), घरचा टीव्ही सगळं एकाच वायफाय राऊटरवर, शिवाय गिऱ्हाईकं यूपीआयला पासवर्ड मागतात, नाही कसं म्हणायचं. पासवर्ड दुकानाचं नाव आणि १२३ :) सहा अँटेनावाला बघून ठेवलाय, बजेट ४ हजार, घेऊ का?

तारतंत्र:
अँटेना मोजून राऊटर घेऊ नका राव. ९४ म्हणजे कुठंतरी १०० एमबीपीएसची लिंक लागलीय. बिलिंगच्या वायरचा प्लग पारदर्शक असतो, आत बघा किती तारा आहेत. कॅमेरावाले बऱ्याचदा ४ च लावतात, १०० ला तेवढ्या पुरतात पण गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात. ८ असतील तर मग राऊटरचे पोर्ट बघा, १०/१००/१००० पाहिजे. खोक्यावर मोठं १२०० छापलेलं असतं ते वायफायचं, पोर्ट आत १०० चेच निघतात कधीकधी.
आणि वरच्या खोलीला स्लॅब आडवा येतोय, ५ गिगाहर्ट्झ तर त्यातून जातच नाही धड. एक वायर वर न्या आणि तिथं जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट करून लावा, म्हणजे तो नुसतं वायफाय देईल.

मेडिकल_कराड:
अहो ४ च निघाल्या! केशरी-हिरव्या जोड्या लावल्यात, निळ्या-तपकिरी मागं दुमडून ठेवल्यात.

रात्रपाळी:
स्पीडचं होईल, मला डीव्हीआरची भीती वाटते. मोबाईलवर कॅमेरे दिसावेत म्हणून राऊटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट (वायरचा नव्हे, इंटरनेटवरून डीव्हीआरपर्यंत यायची वाट) उघडून दिलाय का बघा, असेल तर तो आधी बंद करा. २०१६ ला मिराई नावाच्या व्हायरसने असेच फॅक्टरी पासवर्डवाले डीव्हीआर आणि कॅमेरे धरून अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट बंद पाडल्या होत्या. गिऱ्हाईकांना गेस्ट नेटवर्क द्या, म्हणजे बिलिंगपर्यंत पोचणार नाहीत. राऊटरचा ॲडमिन पासवर्ड वायफायपेक्षा वेगळा ठेवा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) आणि बाहेरून लॉगिन दोन्ही बंद, फर्मवेअर (राऊटरचं सॉफ्टवेअर) अपडेट करा, आणि वायफायच्या सुरक्षेला डब्ल्यूपीए३ नसेल तर डब्ल्यूपीए२ एईएसवर चालेल.

पॅकेट_पाटील:
मी तर म्हणतो मायक्रोटिकचा राऊटर घ्या, व्हीलॅन पाडा, म्हणजे एकाच राऊटरवर वेगवेगळी नेटवर्क, डीव्हीआर वेगळा, बिलिंग वेगळं.

तारतंत्र:
पाटील, त्यांनी गोळ्या विकायच्या का व्हीलॅन सांभाळायचे? गिगाबिट पोर्ट, गेस्ट, आणि अपडेट येत राहतील असा साधा घ्या, ४ हजारात येतो.

मेडिकल_कराड:
प्लग बदलून घेतला, १८७ येतंय आता, म्हणजे राऊटरचे पोर्ट ठीकच आहेत. कॅमेऱ्यासाठीचा पोर्ट खरंच उघडा होता, बंद केला. डीव्हीआरचा पासवर्ड १ ते ६ निघाला, कॅमेरावाल्याला फोन केला तर म्हणतो "बदलू नका साहेब, सगळ्या दुकानांना तोच आहे, आम्हाला लक्षात राहतो".