मदत हवी आहे: ४ दिवसांत अल्बुला-बर्निना आणि फुर्काची वाफेची गाडी जमेल का?

सप्टेंबरच्या मध्यात आम्ही दोघे स्वित्झर्लंडला जातोय. हाताशी पूर्ण ४ दिवस. शहरं, खरेदी काही नको, फक्त रेल्वे.

एक दिवस कूर ते तिरानो, म्हणजे आल्प्समधला अल्बुला-बर्निना रेल्वेमार्ग. मोठ्या बंद काचांची पॅनोरमा गाडी मुद्दाम टाळतोय. साध्या गाडीला आरक्षण लागत नाही, मध्येच उतरता येतं, आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. दात्यांच्या रुळाशिवाय ७० प्रति हजार (हजार मीटरला ७० मीटर) चढ चढून २,२५३ मीटरवरच्या ओस्पित्सियो बर्निना स्थानकाला पोहोचणारी गाडी काचेआडून बघायची म्हणजे अन्यायच! दुसरा दिवस याच मार्गावरच्या ६५ मीटर उंच लांडवासर रेल्वेपुलासाठी, फिलिझूर गावाहून चालत. तिसरा दिवस फुर्का खिंडीतली रेआल्प-ओबरवाल्ड वाफेची गाडी. चौथा मोकळा.

वेळापत्रक जुळवून पाहिलं. कूरला मुक्काम ठेवला तर तिरानोला जाण्यातच चार तास जातात. बर्निनाच्या बाजूला समेडानला राहिलो तर फुर्का फार लांब पडतं. रोज सामान हलवणं शक्य नाही, हॉटेल एकदाच बदलू शकतो. गाडी चालवणार नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: दोन मुक्काम कुठे करावेत? आणि पुलाच्या कमानींवर समोरून ऊन सकाळी येतं की दुपारी?